सापडत नाही म्हणजे नाही, असे नव्हे



छापखान्यातील जुळारी एखादे अक्षर उचलतो, तेव्हा तो सारा छापखाना धुंडाळीत बसत नाही. त्याचा हात समोरच्या केसमधील ठराविक खणाकडेच जातो. अक्षर कपाटात आहे, पण खणात नाही, अशी स्थिती असेल, तर जुळाऱ्याच्या लेखी ते अक्षर नसल्यासारखेच. लिनक्स प्रणालीच्या संगणकावर अक्षरजुळणीची सामग्री बसविताना पुष्कळांची जी फसगत होते, तिचे मर्म याच दृष्टांतात आहे.

स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते मनासारखी उतरली नाहीत, म्हणून अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली ‘टेक’ ही अक्षरजुळणीची पद्धती रचावयास घेतली. तिचा सारा परिवार एकत्र बांधून देणारा ‘टेक लाइव्ह’ हा संच १९९६ पासून निघत आहे. त्यातील ‘झीटेक’ या २००४ साली अवतरलेल्या शाखेमुळे देवनागरीची जोडाक्षरेही सुबक उमटतात. संच विनामूल्य आहे. त्यामुळे शाळेचा वार्षिक अंक काढणाऱ्या शिक्षकाला किंवा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तो मोठाच आधार वाटतो.

परंतु प्रारंभीच विघ्न येते. काही गिगाबाइटांचा संच तासन् तास उतरतो, बसविण्याचे काम निर्विघ्न पार पडते, आणि कार्यक्रमाचे नाव टंकताच ‘अशी आज्ञा सापडली नाही’ या अर्थाचे उत्तर येते. काम फसले असे समजून माणूस सारे पुसून टाकतो आणि पुन्हा आरंभ करतो. रात्र जाते, अंकाची मुदत टळते, आणि दुसऱ्या खेपेसही उत्तर तेच येते!

वास्तविक कार्यक्रम जागच्या जागी असतो. आज्ञा मिळाली की संगणक ‘पाथ’ नावाच्या यादीतील कप्पे क्रमाने पाहतो आणि जेथे ते नाव प्रथम आढळेल तेथे थांबतो. यादीबाहेर तो पाहतच नाही. लिनक्सच्या वितरणाबरोबर येणारा संच यादीतल्याच कप्प्यात बसतो; पण टेक लाइव्हचा स्वतःचा संच त्या त्या वर्षाच्या नावाच्या वेगळ्या कप्प्यात जातो. तो कप्पा यादीत घालावा, अशी सूचना शेवटी पडद्यावर येते. पण ती वाचली जात नाही.

तेव्हा प्रथम कार्यक्रमाला त्याच्या संपूर्ण पत्त्यासह हाक मारावी. तो चालला, तर दोष संचात नसून यादीत आहे, हे सिद्ध झाले. मग आपल्या घरकप्प्यातील ‘प्रोफाइल’ या फाइलीत एक ओळ लिहावी: आधी नवा कप्पा, मग विसर्गासारखी दोन टिंबे, आणि त्यापुढे जुनी यादी. ही जुनी यादी विसरता कामा नये. ती गळाली, तर फाइलींची नावे दाखविणारी साधी आज्ञाही सापडेनाशी होते. तसे झालेच, तरी घाबरू नये. काहीही नष्ट झालेले नसते. संपादकालाही पूर्ण पत्त्याने बोलवावे आणि ओळ सुधारावी. ही फाइल प्रवेशाच्या वेळी वाचली जाते, म्हणून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. संगणकावर जुना आणि नवा असे दोन संच असतील, तर यादीत जो आधी येईल तोच चालतो. म्हणून नवा संच बसवूनही जुनाच उत्तर देतो. वर्ष पालटून नवा संच घेतला, की त्या ओळीतील वर्षही पालटावे लागते. आणि ‘सुडो’ म्हणून अधिकाऱ्याच्या नावाने आज्ञा दिली, तर बहुधा अधिकाऱ्याची निराळी यादी लागू होते. त्यामुळे जो कार्यक्रम स्वतःच्या नावाने चालतो, तो त्या वेळी हरवल्यासारखा वाटतो. तेथेही पूर्ण पत्ता दिला की काम भागते.

‘नाही’ आणि ‘सापडत नाही’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. यंत्र नेहमी दुसरेच वाक्य उच्चारते. पहिले वाक्य माणूस आपल्या मनाने जोडतो. सारे मोडून पुन्हा मांडण्यापूर्वी शोध कोणकोणत्या खणांत झाला, एवढे विचारण्याचा धीर ज्याने धरला, त्याचा अंक वेळेवर निघतो.