वरणावरचा फेस
(व्याख्यानमाला, लोहारा, जि. यवतमाळ : पुष्प दुसरे)

टेबलावरच्या या दोन बाटल्या बघा. एकीत नुसतं नळाचं पाणी आहे, दुसरीत रिठ्याची टरफलं रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी. दोन्ही सारख्याच हलवतो. पहिलीतले बुडबुडे माझं वाक्य संपायच्या आत फुटले. दुसरीतला फेस मात्र मधाच्या पोळ्यासारखा उभा आहे.

हाच खेळ घरी रोज चालतो. गंजात आधण आलं, तुरीची डाळ टाकली, की पांढरा फेस वर येतो आणि कुणीतरी धावत जाऊन गॅस बारीक करतं. त्या फेसात डाळीतल्या प्रथिनांचा हात असतो, तसाच रिठ्यात असतं त्या सॅपोनिनचाही. लॅटिनमध्ये साबणाला ‘सापो’ म्हणत. आपला साबण आणि हे सॅपोनिन एकाच आजीची नातवंडं. सॅपोनिनच्या रेणूचं एक अंग तेलाशी जमवून घेणारं, तर दुसरीकडे साखरेच्या साखळ्या, त्यांची ओढ पाण्याकडे. अशी दोन घरची सोयरीक असल्यामुळेच तो फेस धरतो.

आता खळ्यावर आलेल्या सोयाबीनकडे वळू. भिजवलेला दाणा नखानं सोलला की दोन डाळी सुटतात आणि त्यांच्या सांध्याशी इवलासा कोंब दिसतो. वजनात तो दाण्याच्या जेमतेम 2 टक्के, पण सॅपोनिन तिथं दाटीवाटीनं भरलेलं. त्यातल्या ‘अ’ गटाच्या सॅपोनिनची वस्ती तर याच कोंबात. त्यांच्या एका साखरेला अ‍ॅसिटिक आम्लाचे तुकडे चिकटलेले असतात. कडू लागतं, घसा धरतो, ते त्यांच्यामुळे. जपानी पैदासकारांनी हे तुकडेच नसलेलं ‘किनुसायाका’ नावाचं वाण काढलं आहे.

लोक मला हमखास विचारतात, “सर, उकळल्यावर हे मरतं ना?” नाही मरत. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं एक प्रथिन असतं. ते उष्णतेनं मोडतं, म्हणून सोयाबीन शिजवायचं. सॅपोनिन हे प्रथिनच नव्हे. उकळत्या पाण्यात त्याचा सांगाडा आणि साखरेच्या साखळ्या शाबूत राहतात. गळून पडतो तो एक शेपटासारखा भाग, ‘डीडीएमपी’ नावाचा.

या शेपटाची गोष्ट मला फार आवडते. कितीतरी वर्षं रसायनशास्त्रज्ञ सोयाबीनमधून ‘ब’ गटाचं सॅपोनिन वेगळं काढत आणि दाण्यात तेच असतं असं धरून चालत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी ऊब न देता, जपून अर्क काढला आणि मूळ रेणू शेपटासकट हाती आला. म्हणजे आधीचे लोक दाण्याच्या नव्हे, स्वतःच्या शेगडीच्या रसायनाचं वर्णन करत होते! हरभरा, वाटाणा, मसूर यांच्यातही हाच शेपटीवाला भाऊबंद आहे. साधारण 65 अंशांच्या वर तो टिकत नाही. आम्लात आणि अल्कलीतही डळमळतो. हरभऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाकता, तेव्हा शेपूट सुटायला मदतच होते. शेपूट सुटताना माल्टॉल मोकळं होतं. भाजक्या साखरेच्या वासातलं हेच ते द्रव्य. वाटाण्यावरच्या अभ्यासात शेपटीवालं रूप जास्त कडू निघालं, म्हणजे शिजवल्यानं कडवटपणा थोडा उतरतो तो असा.

साखरेच्या त्या साखळ्या तोडायच्या तर प्रयोगशाळेत तीव्र आम्लात तासन् तास उकळावं लागतं. पोटाला ते जमत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र सावकाश ते काम उरकतात. सॅपोनिन शोषलं जातं ते अगदी थोडं. रिठ्याचं पाणी रक्तपेशी फोडतं, त्यावरून सोयाबीनला भिणारे भेटतात. ‘ब’ गटाची ती ताकद फारच कमी आहे.

मग सोयाबीन किंवा डाळ भिजवल्याचं पाणी ओतायचं का? चवीसाठी ओता. त्याबरोबर थोडी ‘ब’ जीवनसत्त्वंही मोरीत जातील, एवढं लक्षात असू द्या. वरणाचं पाणी आपण ओततच नाही आणि पिढ्यान् पिढ्या धडधाकट आहोत.

मला काळजी वेगळीच वाटते. गव्हात कच्चं सोयाबीन मिसळून सरळ गिरणीत नेणारी घरं आहेत. पोळी तव्यावर दोन मिनिटं असते. तेवढ्यात ट्रिप्सिनला अडवणारं ते प्रथिन पुरतं मोडत नाही. सोयाबीन आधी वीस-पंचवीस मिनिटं उकळा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच दळायला द्या.