गाडी थरथरते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या व्यासपीठावर लोणची-पापड, मुलांची दुखणी आणि बचत ह्यांवर पुष्कळ बोलणे होते. ह्या खेपेस मी मोटारगाडीवर बोलणार असे कळताच मागच्या रांगेतल्या काही जणी हसल्या. हसू द्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि गाडी मी चालवीतही नाही. मी चालविणाऱ्याच्या शेजारी बसते. पण ज्याच्या हातात चाक असते त्याचे डोळे रस्त्यावर असले पाहिजेत. शेजारणीला मात्र सवड असते. काटा कितीवर आहे, थरथर कशाने सुरू झाली, कशाने थांबली, हे तिने नीट पाहिले तर गाडीचे निम्मे दुखणे घरीच कळते.

आपल्या इंदापूर-बारामतीकडे हा अनुभव पुष्कळांना येतो. गावातून, बाजारातून गाडी अगदी गुणी पोराप्रमाणे चालते. सोलापूर-पुणे महामार्गाला लागून भिगवणच्या पुढे काटा ऐंशीवर गेला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. वेग कमी केला की थांबते. मग घरात तर्क चालतात, इंजिन गेले, गाडी म्हातारी झाली, विकून टाकू.

ह्याचे कारण वॉशिंग मशीनपाशी उभे राहिले की समजते. कपडे पिळताना ओली चादर एका बाजूस गोळा झाली की मशीन जागेवर नाचू लागते. हळू फिरताना तेच कपडे काही त्रास देत नाहीत. चाकाचेही तसेच आहे. लहान मोटारीच्या चाकाचा घेर साधारण सहा फूट. ताशी १०० किलोमीटर वेगाला ते एका सेकंदात पंधरा वेळा फिरते. त्याच्या कडेला एका बाजूस दोन तोळे वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते जवळजवळ चार किलोच्या जोराने चाकाला ओढते! पन्नासच्या वेगाला हाच जोर एक किलोवर येतो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, असा तो हिशेब आहे. म्हणून गावात कळत नाही आणि महामार्गावर कळते.

हे दोन तोळे येतात कोठून? चाकाचा तोल साधण्यासाठी कडेला धातूचे लहान तुकडे बसविलेले असतात, त्यातला एखादा गळून पडतो. खड्ड्यात आपटून रिम वाकते. आणि आपल्याकडचे खास कारण म्हणजे काळी माती.

पावसाळ्यात आमच्या घरची गाडी उसाच्या बांधापर्यंत गेली होती. चार दिवसांनी महामार्गावर स्टिअरिंग थरथरू लागले. एका गॅरेजमध्ये दाखविली, तर खालचे सांधे गेले, बदलावे लागतील, म्हणून हजारोंचा अंदाज सांगितला. माझ्या वहीत नोंद होती: थरथर ७५ ते ९५ ह्या वेगात, फक्त हाताला, बैठकीला नाही, ब्रेक दाबल्याने वाढत नाही, शेतावर जाण्यापूर्वी नव्हती. ती मी आमच्या ह्यांना वाचून दाखविली आणि म्हटले, आधी चाके उतरवून आतून पाहा. पुढच्या चाकाच्या आतल्या कडेला चिखल वाळून विटेसारखा बसला होता. खरवडून काढला, पाण्याने धुतला. थरथर गेली. खर्च झाला तो एका बादली पाण्याचा.

आता वहीत काय लिहावे, ते सांगते. थरथर स्टिअरिंगला लागत असेल तर बहुधा पुढच्या चाकांत दोष. बैठक आणि पायाखालची जमीन हलत असेल तर मागच्या. खात्री करावयाची झाल्यास गॅरेजमध्ये पुढची चाके मागे आणि मागची पुढे बसवून पाहावीत. थरथर हातातून बैठकीत गेली तर चोर चाकातच आहे, सांध्यांत नाही. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरते, एरवी नाही, असे असेल तर ब्रेकची डिस्क पाहावी. पाय दाबून वेग घेताना थरथर येते आणि पाय उचलताच जाते, तर इंजिनाकडून चाकाला फिरविणाऱ्या दांड्याचा सांधा पाहावा. गाडी जागेवर उभी असताना नुसते इंजिन वाढविले तरी हलते, तर चाकांना दोष देऊ नये. आणि रस्ता बदलताच थरथर नाहीशी झाली तर गाडीला काहीच झालेले नाही. सिमेंटच्या रस्त्याचे सांधे असे वाजतात.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ह्यांत पुष्कळ जण गल्लत करतात. चाके आपसांत सरळ नसली तर गाडी एका अंगाला ओढते आणि टायर वाकडे झिजतात. थरथर सहसा त्याने येत नाही. ती तोलाने येते. पैसे कशाचे देतो, ते विचारून द्यावे.

एवढ्यावर थांबले असते तर हा विषय मी घेतलाही नसता. मागच्या वर्षी आमची गाडी पुन्हा हलू लागली. थोरला म्हणाला, आई, चिखलच असेल. चाके धुतली, फरक नाही. ह्या वेळी वहीत निराळे लिहिले गेले. चाळिसाच्या वेगालाही दणके बसत होते, आणि रोज थोडे वाढत होते. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला डॉक्टरांकडे न्यावयाचे होते, तारीख महिन्यापूर्वी मिळालेली. थोरल्याचे म्हणणे, जाऊन येऊ, मग पाहू. मी म्हटले, चाळिसाला हलते ते साधे दुखणे नव्हे, गाडी अंगणातून हलणार नाही. रात्री बॅटरी धरून टायरभोवती हात फिरविला, तर आतल्या बाजूस लिंबाएवढा फुगा. खड्ड्यात रिमखाली दाबून टायरच्या आतले धागे तुटतात, आणि हवा तेथून रबराला बाहेर ढकलते. त्याला ठिगळ नाही. टायर बदलावाच लागतो. डॉक्टरांची तारीख गेली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवी तारीख आठवड्याने मिळाली.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो आमण्यापर्यंत पुरा झाला. तेथे मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. त्या वेगाला मघाचे दोन तोळे साडेपाच किलोच्या वर ओढतात, आणि झिजलेला टायर तापून फुटतो. आपली मुले-जावई त्या रस्त्याने जातात. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्याने बाद. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की समजावे. टायरच्या बाजूस चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नवा म्हणून विकत देतात तेव्हा तेवढे वाचून घ्यावे. वाचावयास सातवी पुरते.

एक राहिले. कोणत्याही कारणाने चाक काढून पुन्हा बसविले असेल, तर पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत. सैल नटानेही चाक थरथरते, आणि तेव्हा गाडी तेथेच कडेला उभी करावयाची. वही पाहावयाची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे मागावी.