वेम्बलीतली सतरा मिनिटं



फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाकडून लोकांना लढाईची गोष्ट हवी असते. आज मी एका गोलकीपरची गोष्ट सांगणार आहे. तोही सैनिकच होता. दुसऱ्या महायुद्धात आपले जवान आफ्रिकेत आणि इटलीत ज्या जर्मन सैन्याशी लढले, त्या सैन्यातला.

बर्ट ट्राउटमान. जन्म १९२३, ब्रेमेन. हिटलरच्या बालसंघटनेत वाढला, पॅराट्रूपर झाला, रशियन आघाडीवर लढला, आयर्न क्रॉस मिळवला. १९४५ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडला आणि लँकाशायरमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत आला. तिथल्या एका सामन्यात पुढे खेळताना त्याला लागलं, म्हणून त्यानं गोलकीपरशी जागा बदलली. तेव्हापासून तो गोलमध्येच राहिला. १९४८ मध्ये घरी परतायची संधी त्यानं नाकारली, शेतावर काम केलं, सेंट हेलेन्स टाउन या लहानशा क्लबकडून खेळला. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्याला मँचेस्टर सिटीनं घेतलं.

शहर पेटलं. सुमारे वीस हजार लोकांनी मोर्चा काढला. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडले, ज्यांची मुलं परत आली नाहीत, अशी माणसं होती ती. त्यांना चूक म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पण संघाचा कर्णधार एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीत लढलेला. ड्रेसिंग रूममध्ये युद्ध नाही, असं सांगून त्यानं या जर्मनाचं स्वागत केलं. आणि मँचेस्टरचे ज्यूंचे धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान, जे स्वतः जर्मनीतून जीव वाचवून आलेले होते, त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सांगितलं की एका देशाच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नका. हळूहळू विरोध ओसरला.

मला त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड दिवस विचाराल, तर मी जानेवारी १९५० चा फुलहॅमविरुद्धचा सामना सांगेन. लंडन! जर्मन बॉम्बनी पडलेल्या भिंती अजून तशाच होत्या. प्रेक्षक शिव्या देत होते, आणि गोलकीपरला तर पळून जायला जागाही नसते. पाठीमागे दहा पावलांवर ती गर्दी. सिटी हरली, पण फक्त एका गोलनं, कारण बाकी सगळे त्यानं अडवले. सामना संपल्यावर दोन्ही संघांचे खेळाडू दोन रांगांत उभे राहिले आणि टाळ्यांच्या गजरात त्याला मधून जाऊ दिलं.

तुम्ही ऐकलेली गोष्ट मात्र बहुधा दुसरीच असते. ५ मे १९५६, वेम्बली, एफए कपची अंतिम लढत, समोर बर्मिंगहॅम सिटी. सतरा मिनिटं उरलेली. पीटर मर्फीच्या पायात त्यानं झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. तो बेशुद्ध झाला, उठला, झोकांड्या खात पुन्हा गोलमध्ये उभा राहिला आणि आणखी गोल वाचवले. सिटी ३-१ नं जिंकली. चार दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मानेचे पाच मणके सरकलेले, दुसऱ्या मणक्याचे दोन तुकडे. तिसरा मणका त्याला टेकून अडकला, म्हणून माणूस वाचला.

या सतरा मिनिटांवर लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. त्या दिवशी बाहेर कुणी बसलेलंच नव्हतं. बदली खेळाडूची मुभा इंग्लिश लीगमध्ये १९६५ मध्ये आली, तीही आधी फक्त जखमीसाठी. तो थांबला कारण दुसरा इलाज नव्हता.

माझ्याकडे होता. मी कॅप्टन असताना आमच्या पलटणीत कंपन्यांची स्पर्धा होती. आमच्या कंपनीचा गोलकीपर कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या संघातून आलेला, मांजरासारखा चपळ. अंतिम सामन्यात त्याच्या मनगटावर बूट बसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "चलेगा?" तो म्हणाला, "चलेगा, साहेब." जवान दुसरं काय म्हणणार? बदली गोलकीपर माझ्या शेजारीच बसला होता. मी त्याला उठवलं नाही. आम्ही कप जिंकला. रात्री एमआय रूममधून निरोप आला, हाड मोडलंय. ते मनगट पुढे पूर्ण वळलंच नाही. पोरगा पुन्हा गोलमध्ये उभा राहिला नाही.

ट्राउटमान परतला. मान जुळत असतानाच त्याचा पाच वर्षांचा मुलगा मोटारीखाली गेला, तेही सोसून परतला. १९६४ पर्यंत सिटीसाठी ५४५ सामने खेळला. पश्चिम जर्मनीसाठी एकही नाही, कारण प्रशिक्षक हेर्बर्गर परदेशी खेळणाऱ्यांना घेत नसत. पुढे आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशातही त्यानं संघ शिकवला. २०१३ मध्ये स्पेनमध्ये गेला.

आमचा गोलकीपर आता कोल्हापुरात मुलांना शिकवतो. दर दसऱ्याला त्याचा फोन येतो. पाऊस, ऊस, गुडघे, सगळं बोलतो. त्या सामन्याचा विषय त्यानं कधी काढला नाही, मीही नाही. हे भाषण त्याचा नातू त्याला मोबाइलवर लावून देईल. दादा, त्या दिवशी मी तुला विचारायलाच नको होतं. बाहेर बोलवायला हवं होतं.