कुकर, लोणचं आणि गाडीची चाकं

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. मोटारीची अ‍ॅल्युमिनियमची चाकं कशी धुवायची, कशी चमकवायची, हे मी सांगणार आहे. दाराशी मोटार नाही, मग हे कशाला, असं वाटेल. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांत पहाटे बादली-फडकं घेऊन गाड्या धुणाऱ्यांत गावाकडून गेलेली मुलंही असतात. कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा. शिवाय एखाद्या बचत गटाच्या मनात तालुक्याला गाड्या धुण्याचं केंद्र काढायचं असेल, तर त्यांनाही हे उपयोगी पडेल.

घाटकोपरच्या शेजारी कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी, ती पद्मिनी, याच कंपनीची. तिची चाकं लोखंडी, वर चकचकीत टोपी. धुणाऱ्याला फार विचार करावा लागत नसे. आता बऱ्याच गाड्यांना अलॉय व्हील असतात. गॅरेजवाले मॅगव्हील म्हणतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं सिलिकॉन, मॅग्नेशियम मिसळून ती ओततात. हलकी, देखणी, पण महाग.

या धातूचा स्वभाव तुम्ही स्वयंपाकघरात रोज पाहता. कुकर आतून काळा पडू नये म्हणून आपण पाण्यात लिंबाची साल टाकतो. पण लोणचं मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात भरत नाही, बरणीत भरतो. आंबट-खारट लागून डब्याला खड्डे पडतात. धुण्याच्या सोड्यात भांडं ठेवलं तर तेही काळवंडतं. म्हणजे तेज आम्ल आणि तेज सोडा, दोन्ही या धातूला खातात. हवेमुळे त्यावर एक पातळ पापुद्रा आपोआप धरतो. तोच त्याला राखतो. तो गेला की धातू उघडा पडतो.

चाकावर जी काळी भुकटी दिसते, ती ब्रेक झिजून पडलेली असते. पुढच्या चाकांवर ती जास्त, कारण ब्रेकचा जास्त भार पुढे असतो. त्यात लोखंडाचे कण असतात. ओल लागली की गंजतात आणि चाकावर तांबूस ठिपके पडतात. वर्सोवा, गोराईच्या बाजूला खारी हवा असते. चाकाचा थर कुठे उडाला असेल, तर खार आत शिरतो आणि खाली पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा पसरतात.

आता धुण्याची रीत. गाडी नुकतीच आली असेल तर चाक गार होऊ द्या. काळी भुकटी कोरडी झटकू नका, नाकात जाते. आधी पाणी मारा. मग गाडीचा शॅम्पू पाण्यात घालून मऊ ब्रशने घासा, नटाच्या खाचांतही. तारेची घासणी अजिबात नको. चाकासाठी बादली आणि फडकं वेगळं ठेवा, नाहीतर तेच कण गाडीच्या रंगावर चरे पाडतात. शेवटी भरपूर पाणी मारून कोरडं पुसा.

चमक आणण्याआधी चाक ओळखा. बहुतेक चाकांवर पारदर्शक लॅकर असतं, काही उघड्या धातूची असतात. कोपऱ्यात थोडं धातूचं पॉलिश लावून चोळा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. काळं झालं नाही तर वर लॅकर आहे. लॅकरवर धातूचं पॉलिश घासू नका, ते मंद होतं. त्याला धुणं आणि वर मेण पुरे. उघड्या धातूला मात्र थोडं थोडं पॉलिश घेऊन चोळा, स्वच्छ फडक्याने काढा आणि मेण लावा. दोन-तीन महिन्यांनी मेण पुन्हा लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम झटपट व्हावं म्हणून काही जण संडास साफ करायचं अ‍ॅसिड चाकावर ओततात. क्षणभर फेस येतो, चाक पांढरं दिसतं, आणि तो पापुद्रा गेलेला असतो. बाजारातल्या काही तेज रिम-क्लीनरमध्ये तर हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. हे हाताला लागलं तर कधी कधी लगेच दुखतही नाही. काही तासांनी कळ सुरू होते, तोवर ते आत उतरलेलं असतं. शरीरातलं कॅल्शियम ते ओढून घेतं, हृदयालाही धोका होतो. बाटलीवर ही नावं असतील तर ती वापरू नका. नाव-गाव नसलेली सुटी बाटलीही नको. चुकून लागलंच तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि दुखायची वाट न पाहता बाटली घेऊन दवाखाना गाठा. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम असतं, ते डॉक्टरांना विचारा.

धुताना चाकाला तडा दिसला, कड वाकलेली दिसली, तर मालकाला लगेच सांगा. पॉलिशने तडा झाकला जातो, बुजत नाही.

मैत्रिणींनो, आज रात्री मुंबईला फोन कराल तेव्हा जेवलास का, हे विचारालच. चाकं कशाने धुतोस, बाटलीवर काय लिहिलंय, हातात रबरी मोजे असतात का, हेही विचारा. तो म्हणेल, आई, तुला यातलं काय कळतं? त्याला कुकरचं आणि लोणच्याचं सांगा.