कोंबडा कोणता ठेवाल?

मध्य प्रदेशात झाबुआकडे भिल्लांच्या दारी कडकनाथ कोंबडी असते, हे तुम्ही ऐकून असाल. कातडी काळी, तुरा काळा, मांसही काळे. म्हणून तिला ‘कालीमासी’ही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. भाव साध्या कोंबडीहून चढा. पण जात टिकायची कशी?

रंग पाहून निश्चिंत होऊ नका. संकराच्या पिलांतही काळेपणा उतरतो. शिवाय दहा कोंबड्यांत कोंबडा एकच असला, तर सारी पिले एका बापाची. पुढे त्या भावंडांचीच जोडी जमली, की अंडी कमी फळतात, पिले दगावतात.

तेव्हा भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पायात खुणेचे कडे घाला, तिचीच अंडी उबवा. त्यांतला उमदा नर शेजारगावच्या कडकनाथवाल्याला द्या, त्याचा आपण घ्या. दरवर्षी अशी अदलाबदल करा.

अडचण एकच. गिऱ्हाईक नेमके भरदार कोंबड्यावर बोट ठेवते. चार पैसे जास्त देते. तो जातो, आणि उरलेला मरतुकडा पुढल्या पिढीचा बाप होतो. त्या वेळी ‘हा विकायचा नाही’ एवढे म्हणता आले, तर जात राखली म्हणा!