अनुमान आधी लिहू नये

(वैद्यकीय शाखेत शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी शाळेत शिकलेल्यांना प्रयोगवहीतील पाच शब्द सहसा विसरता येत नाहीत : हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान. पुष्कळ विद्यार्थी यांतील शेवटचा शब्द सर्वांत आधी लिहून टाकतात. अनुमान पुस्तकात छापलेले असते. निरीक्षणे मग त्याला जुळतील अशी भरली जातात. शाळेत या लबाडीची शिक्षा लाल शाईतील एका शेऱ्यापुरती असते. रुग्णालयात मात्र तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. अनुमान आधी लिहिण्याच्या मोहापासून वाचण्यासाठी वैद्यकाने स्वतःवर घालून घेतलेली बंधने, हीच संशोधनपद्धतीची सोपी व्याख्या होय. मद्रास शहरात झालेल्या एका अभ्यासाच्या आधारे ही बंधने समजून घेता येतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्षयरोग म्हटला की आरोग्यधाम आठवे. महाराष्ट्रातील कुटुंबे पाचगणी आणि मिरजेची नावे घेत. विश्रांती, सकस आहार आणि स्वच्छ हवा यांवाचून क्षय हटत नाही, ही धारणा दृढ होती. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही औषधे हाती आली. परंतु देशात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा काही हजार. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता : गरीब वस्तीतील रुग्णाने दाटीवाटीच्या घरात राहून, तुटपुंज्या आहारावर, वर्षभर औषधे घेतली, तर तो आरोग्यधामातील रुग्णाइतका बरा होईल काय? आणि त्याच्या घरच्यांना अधिक धोका पोहोचेल काय?

हेतू. ‘घरचे उपचार चांगले की नाही?’ हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही. कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, कोणता परिणाम आणि किती काळाने, ही पाच अंगे ठरली म्हणजे प्रश्न उभा राहतो. ती रुग्ण घेण्याआधीच लिहून ठेवावी लागतात, म्हणजे निकाल पाहून प्रश्न बदलता येत नाही. भारतात औषधांच्या चाचण्यांची पूर्वनोंदणी २००९ पासून सक्तीची झाली, त्यामागे हाच विचार आहे.

साहित्य. येथे साहित्य म्हणजे जिवंत माणसे, आणि ती एकसारखी नसतात. डॉक्टरांनी आपल्या मनाने निवड केली असती, तर अधिक खंगलेला रुग्ण करुणेपोटी आरोग्यधामात गेला असता. मग घरच्या उपचारांचे यश प्रत्यक्षात कमी आजारी रुग्णांचे यश ठरले असते. यावर उपाय म्हणजे यादृच्छिक विभागणी, अर्थात चिठ्ठीचा कौल. मद्रासमध्ये १९३ रुग्ण या रीतीने दोन गटांत वाटले गेले. औषधे दोन्हीकडे तीच होती. वय, रोगाची तीव्रता यांसारखे दिसणारे भेद आणि कोणाच्या ध्यानीही न आलेले भेद चिठ्ठीमुळे दोन्ही बाजूंना साधारण सारखे विखुरतात.

मात्र पुढची चिठ्ठी कोणाला आधी दिसता कामा नये. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद लिफाफे वापरले ते यासाठीच. तेथे सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, तर केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. तुलनेचा गट नसता तर त्या चार मृत्यूंचा अर्थ लावणे कठीण झाले असते.

कृती. कागदावरचा उपचार आणि पोटात गेलेला उपचार यांत अंतर असते. मद्रासचे कर्मचारी न कळवता रुग्णांच्या घरी जात, उरलेल्या औषधांचा साठा तपासत, लघवीची चाचणी करून औषध खरोखर घेतले जाते की नाही हे पाहत. एवढी दक्षता नसती, तर औषध अपुरे पडले की ते घेतलेच गेले नाही, हे ठरवता आले नसते.

निरीक्षण. आशा डोळ्यांना फसवते. आवडत्या उपचाराचा एक्स-रे किंचित अधिक स्वच्छ दिसू लागतो. म्हणून ब्रिटनच्या चाचणीत एक्स-रे वाचणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नसे. मद्रासमध्ये थुंकीतील जंतूंच्या तपासणीला महत्त्व दिले गेले. आणखी एक पथ्य असे, की उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचा हिशेबही द्यावा लागतो. केवळ टिकून राहिलेल्यांची गणना केली, तर कोणताही उपचार उत्तम ठरतो.

अनुमान. अभ्यासाचा अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्यधामातील रुग्णांना आहार चांगला मिळाला, विश्रांती अधिक मिळाली, त्यांचे वजनही अधिक वाढले. तरीही वर्षअखेर, विश्लेषणात धरलेल्या रुग्णांपैकी, थुंकीच्या तपासणीनुसार रोग शमलेल्यांचे प्रमाण आरोग्यधामात ९२ टक्के आणि घरी ८६ टक्के होते. एवढ्या लहान गटांत शंभरांमागे सहाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही हे सिद्ध झाले’ ही दोन वाक्ये मात्र एक नव्हेत. विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत येथेच होते. निर्णायक गोष्ट ही, की घरीही बहुसंख्य रुग्ण बरे झाले. पुढे पाच वर्षे कुटुंबीयांवर लक्ष ठेवले गेले; घरी उपचार घेणाऱ्यांच्या आप्तांत क्षय अधिक आढळला नाही. लेकरांपासून वर्ष-वर्ष दूर राहण्याची रुग्णाईत आईवरील सक्ती या आकड्यांनी सैल केली. जगभर क्षयावरील उपचार आरोग्यधामातून घराकडे वळले, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे.

या अनुमानालाही सीमा आहे. औषधे मोफत होती आणि घरभेटी नियमित होत्या. एवढे वगळून रुग्णाच्या हाती केवळ चिठ्ठी देऊन त्याला घरी धाडले, तर मद्रासचा दाखला देता येणार नाही. त्याच केंद्राने पुढे देखरेखीखाली औषध देण्याच्या पद्धतीवर काम केले, हे येथे लक्षात घ्यावे.

प्रयोगवहीत नसलेला सहावा शब्द आहे संमती. कोणता उपचार सरस याविषयी खरी शंका असेल, तोवरच चिठ्ठीचा कौल न्याय्य असतो. आणि ती शंका रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगावी लागते. परप्रांतात राहून मातृभाषेत शिकलेल्या डॉक्टराला याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. समजणे आणि मान डोलावणे यांतील अंतर त्याने लहानपणीच, घर आणि बाजार यांच्यामध्ये, अनुभवलेले असते.

पालकांनाही या पद्धतीतील एक प्रश्न नित्य उपयोगी पडेल. ‘या औषधाने शंभर जण बरे झाले’ असे कोणी सांगितले, तर विचारावे : औषध न घेतलेल्या तशाच शंभरांपैकी किती बरे झाले? याचे उत्तर मिळेपर्यंत वहीतील अनुमानाची जागा कोरी ठेवावी. कोरी जागा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेत कदाचित गुण कमी मिळाले असतील. रुग्णाच्या खाटेपाशी मात्र तोच विश्वासाला पात्र ठरतो.