परखड मत आणि पंक्तिभेद

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या दिवशीं वक्त्यानें गोड बोलावें असा शिष्टाचार आहे. तथापि चालकांनीं मला नेमून दिलेला विषय नुसत्या गोड बोलण्यानें निभावणारा नाहीं. आपलें ठाम मत चारचौघांत मांडणें आजच्या समाजांत निषिद्ध झालें आहे काय, असा तो प्रश्न आहे. पूर्वींचीं माणसें तोंडावर स्पष्ट बोलत, आतां कोणी बोलत नाहीं, अशी तक्रार आपण घरोघरीं ऐकतों. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं मी आपणांस प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पुण्यास नेणार आहें.

पुण्यांत पंचहौद मिशन म्हणून ख्रिस्ती मिशनाचें एक ठिकाण आहे. तें आपल्या कॅथलिक पंथाचें नसून अँग्लिकन पंथाचें आहे. सन १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत तेथें एका व्याख्यानानिमित्त शहरांतील अनेक नामांकित हिंदु गृहस्थ जमले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. मिशनाच्या मंडळींनीं पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेविलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावून तो बाजूस सारला. पुढें 'पुणें वैभव' पत्रांत उपस्थितांचीं नांवें छापून आलीं, आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल सनातनी मंडळींनीं शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. चौकशीसाठीं शास्त्री नेमले गेले आणि १८९२ सालीं दोषी ठरलेल्यांस प्रायश्चित्तें सांगण्यांत आलीं. हेंच पंचहौद मिशनचें प्रसिद्ध ग्रामण्य होय.

ग्रामण्य म्हणजे काय, हें आजच्या तरुणांस उलगडून सांगितलें पाहिजे. ज्याच्यावर ग्रामण्य येई, त्याच्या पंक्तीस जातीचें माणूस बसत नसे. त्याच्या घरीं उपाध्याय पाऊल टाकीत नसे. मुलामुलींचीं लग्नें खोळंबत. सासरीं दिलेल्या लेकीस माहेरीं येणें दुरापास्त होई. म्हणजे बोलणारा किंवा वागणारा पुरुष एक, आणि शिक्षा भोगणारीं मात्र घरचीं सारीं माणसें! आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें आहे असें टिळकांनीं सांगितलें, तरी घरच्या धर्मकार्यांस उपाध्याय मिळण्याची पंचाईत त्यांसही पडली. रानड्यांनीं अखेर प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारक मित्रांनींच त्यांस दोष दिला. स्वतःच्या भयापेक्षां स्नेह्यांच्या घरची अडचण त्यांच्या मनांत अधिक होती, असें त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींवरून दिसतें. एवढा थोर विद्वान पेलाभर चहासाठीं नमला, असें हंसत म्हणणें सोपें आहे. परंतु तो ज्यापुढें नमला तो चहा नव्हे. तो तुटलेल्या पंक्तीचा धाक होता.

त्याच काळचें दुसरें उदाहरण गोपाळ गणेश आगरकर यांचें. ते 'केसरी'चे पहिले संपादक. मतभेद विकोपास गेल्यामुळें १८८७ सालीं त्यांनीं तें पत्र सोडलें आणि पुढील वर्षीं स्वतःचें 'सुधारक' काढलें. बालविवाह, विधवांचें केशवपन अशा रूढींवर त्यांनीं इतके सडेतोड लेख लिहिले, कीं पुण्यांतील कांहीं लोकांनीं त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढली. मुलींच्या संमतीचें वय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ सालीं झाला, तेव्हां आगरकर त्याच्या बाजूचे, तर त्यांचे एके काळचे जिवलग मित्र टिळक विरुद्ध बाजूचे होते. दोघांनीं एकमेकांवर लेखणीचे कठोर प्रहार केले. १७ जून १८९५ रोजीं आगरकर अवघ्या ३८ वर्षांच्या वयांत वारले, आणि टिळकांनीं आपल्या या प्रतिपक्ष्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहिला.

श्रोतेहो, या दोन विरोधांतील भेद नीट पाहा. ज्यांनीं तिरडी उचलली त्यांनीं आगरकरांच्या एकाही मुद्द्याचें उत्तर दिलें नाहीं. तिरडीस वाद करितां येत नाहीं. टिळकांनीं मात्र, त्यांचा पक्ष आज आपणांस पटो वा न पटो, उत्तर दिलें. उत्तर देणें म्हणजे समोरचा मनुष्य उत्तरास पात्र आहे, असें मान्य करणें होय.

तेव्हां पूर्वीं स्पष्ट बोलणें सुलभ होतें, हा समज टिकत नाहीं. परखड मताची किंमत समाजानें नेहमींच वसूल केली आहे. बहिष्काराची रूढि एका शहराची किंवा एका जातीचीही नव्हती. १९४९ सालीं मुंबई राज्यानें तिजविरुद्ध कायदा केला. तो धर्मसंस्थांच्या अधिकारास बाधक म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं रद्द ठरविला. २०१६ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला आणि २०१७ च्या जुलै महिन्यांत तो अंमलांत आला. गुन्हा शाबीत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत.

परंतु कायद्यास पंच दिसावा लागतो, ठराव दिसावा लागतो, साक्षीदार लागतो. आजचा बहिष्कार बहुधा ठरावावांचून होतो. बैठकींत कोणी विरुद्ध मत दिलें, तर त्यास कोणी जातीबाहेर टाकीत नाहीं. फक्त पुढील बैठकीचा निरोप त्यास पोहोंचत नाहीं. मोबाइलवरील गटांतून त्याचें नांव गळतें. मिस्सानंतर देवळाच्या अंगणांत रोज थांबून बोलणारा शेजारी घाईनें निघून जातो. यांत फिर्याद लावण्याजोगें कांहींच नाहीं, म्हणूनच यास उपायही सुचत नाहीं. मग शहाणा मनुष्य "आपणांस काय करावयाचें आहे?" असें म्हणून गप्प बसतो.

यावर कोणी म्हणेल, आज तर जो तो मोठ्यानें मत सांगत सुटला आहे! खरें आहे, पण तो तें कोठें सांगतो? आपल्याच मताच्या माणसांत. तेथें आवाज चढविण्यास धैर्य लागत नाहीं. ज्याचें मत निराळें त्याच्यासमोर, त्याच्याच अंगणांत, शांतपणें बोलणें ही गोष्ट मात्र दुर्मिळ झाली आहे. विषयाच्या प्रश्नास माझें उत्तर एवढेंच कीं, परखड बोलणें निषिद्ध झालेलें नाहीं. परखड बोलून पुन्हां एका पंक्तीस बसणें आपण विसरत चाललों आहों.

आणि ही हानि लहान नाहीं. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हां गांवें तींत असावींत कीं नसावींत, हा प्रश्न आपल्या भागांत उभा राहिला. वाडी विकावी कीं राखावी, लग्नांत खर्च किती करावा, घरांत मुलांशीं कोणती भाषा बोलावी, हे प्रश्न आजही दारांत आहेत. अशा गोष्टींत सख्ख्या भावांचींही मतें भिन्न असणार. तीं उघड बोललीं गेलीं नाहींत, तर निर्णय थोडे लोक घेतील आणि परिणाम सर्वांस भोगावे लागतील.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत चुकलेल्या बंधूशीं वागण्याचा क्रम सांगितला आहे: प्रथम त्याच्याशीं एकांतांत बोलावें, मग एकदोघांस बरोबर न्यावें, आणि त्यानंतर मंडळीपुढें जावें. आपण हा क्रम उलटा करून टाकिला आहे: प्रथम गांवभर, मग दोघांतिघांत, आणि ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याशीं कधींच नाहीं! १९८३ च्या कॅनन कायद्याच्या २१२ व्या कलमानें तर ख्रिस्तसभेच्या हिताविषयींचें आपलें मत धर्मगुरूंस कळविण्याचा हक्क, आणि प्रसंगीं तसें कर्तव्यही, श्रद्धावंतांस दिलें आहे. मात्र तें आदर राखून व लोककल्याण पाहून.

यास्तव तीन सूचना करितों. बोलणाऱ्यानें आपलें म्हणणें सभेंतच सांगावें, सभा उठल्यावर रस्त्यांत नव्हे. आणि मतावर बोलावें, माणसाच्या घराण्यावर नव्हे. ऐकणाऱ्यानें प्रथम त्याचा मुद्दा त्याच्याच शब्दांत उच्चारून दाखवावा, मग खुशाल खोडावा. आणि पुढच्याच रविवारीं त्यास घरीं जेवावयास बोलवावें. सभापतीनें विरोधी मत कारणांसह इतिवृत्तांत लिहून ठेववावें. दहा वर्षांनीं तोच एकटा बरोबर होता असें ठरण्याचा संभव असतो.

आजच्या स्मरणिकेंत देणगीदारांचीं नांवें छापलीं आहेत, तें उचितच आहे. पण प्रत्येक धर्मग्रामाच्या इतिहासांत असाही एखादा मनुष्य असतो, ज्यानें सर्वजण होय म्हणत असतां नाहीं म्हटलें, आणि तरीही दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याच्या विहिरीचा गाळ काढावयास तो उतरला. त्याचें नांव कोठेंच छापलें जात नाहीं. त्यास आपण पंक्तींत जागा राखून ठेविली, तर पुढील ज्युबिलीस हा धर्मग्राम आजच्याहून सशक्त झालेला दिसेल.